टिश्यूतल्या प्रोटीनची घडी बदलली का, हे मास स्पेक्ट्रोमीटरला कसं विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात ओरल पॅथॉलॉजी करणाऱ्या एका डॉक्टरांकडे निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या रुग्णांच्या तोंडातल्या बायॉप्सी आहेत. बऱ्याचशा ओएसएमएफच्या, म्हणजे सुपारी-गुटख्यानं गालाचा आतला भाग ताठ होत जातो आणि तोंड उघडेनासं होतं त्या आजाराच्या. उरलेल्या गालाच्या कॅन्सरच्या. जास्त नमुने पॅराफिन ब्लॉकमध्ये, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवलेले, थोडे उणे ८० च्या फ्रीजरमध्ये. प्रोटीन किती वाढलं किंवा घटलं हे त्यांना नकोय, त्याची घडी, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी दुमडून बनलेला आकार, बदलली का हे बघायचंय. कोणती पद्धत घ्यावी, ब्लॉक चालतील का, आणि नमुने बाहेरगावी पाठवायचे झाले तर कसे, असं त्यांनी विचारलंय.

ब्लॉकचं आधी सांगून टाकतो. या कामासाठी ते सोडून द्या. फॉर्मॅलिन लायसिनसारख्या अमिनो आम्लांमध्ये मिथिलीनचे पूल बांधून प्रोटीनला जागच्या जागी जखडतं. ते पूल सोडवायला आपण नमुना नव्वदच्या वर तापवतो, आणि त्यात जी काही घडी उरली असेल तीही उलगडते. ब्लॉकमधून प्रोटीन कोणतं आणि किती हे मात्र छान कळतं. अमायलॉइडचं, म्हणजे चुकीच्या घडीच्या प्रोटीनच्या साठ्याचं, उदाहरण तुम्हाला माहीत असेल. काँगो रेड हा रंग लावून पोलराइज्ड प्रकाशात सफरचंदी हिरवी चमक दिसली की अमायलॉइड आहे एवढं ठरतं; ते लाइट चेन या प्रोटीनचं की ट्रान्सथायरेटिनचं, हे बघायला मेयो क्लिनिकच्या लोकांनी २००९ मध्ये लेझरनं नेमका तेवढाच भाग कापून मास स्पेक्ट्रोमेट्री करून दाखवली. ब्लॉकवरच. पण तिथंही चुकीची घडी दाखवलेली असते ती काँगो रेडनं. यंत्र त्या प्रोटीनचं नुसतं नाव सांगतं.

हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर मोजतो. नेहमीच्या प्रोटिओमिक्समध्ये, म्हणजे नमुन्यातली सगळी प्रोटीन एकत्र मोजताना, आपण प्रोटीन उलगडतो, ट्रिप्सिननं लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे त्याचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करतो आणि ते तुकडे मोजतो. यंत्रापर्यंत घडी पोचतच नाही. म्हणून प्रोटीन अजून घडीत असतानाच त्याच्यावर अशी एखादी खूण करायची, की नंतर ते उलगडलं तरी ती टिकेल. त्या खुणेवरून घडीचा अंदाज बांधायचा. सगळ्या पद्धती इथूनच निघतात. फक्त प्रत्येकीची खूण वेगळी.

हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालायची पद्धत शुद्ध प्रोटीनवर फार सुंदर चालते, पण खूण इतकी कच्ची असते की पीएच अडीचच्या आसपास आणि शून्य अंशाला पटापट काम उरकलं नाही तर पुसून जाते. बायॉप्सीच्या गिचमिडीत तिच्या नादी लागू नका. क्रॉस-लिंकिंगला, म्हणजे प्रोटीनमधल्या जवळजवळच्या जागा रसायनानं एकमेकींना बांधायच्या पद्धतीला, प्रोटीन बरंच लागतं आणि विश्लेषण डोकं खातं. थर्मल प्रोटिओम प्रोफायलिंगमध्ये, म्हणजे २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पद्धतीत, एकाच नमुन्याचे भाग वेगवेगळ्या तापमानाला तापवून कोणतं प्रोटीन कधी उलगडून साकळतं ते बघतात. कल्पना मस्त आहे, पण पंच बायॉप्सीचा, म्हणजे गोल पात्यानं काढलेल्या छोट्या तुकड्याचा, जीव तेवढा नसतो. तुमच्यासाठी उरते ती लिमिटेड प्रोटिओलिसिस, म्हणजे एन्झाइमनं थोडाच वेळ प्रोटीन कापून मोजायची पद्धत, लिप-एमएस.

तिची मूळ युक्ती जुनी आहे. प्रायॉनच्या, म्हणजे घडी बिघडल्यानं मेंदूचे आजार करणाऱ्या प्रोटीनच्या, कामात, ज्यासाठी प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं, आजारी मेंदूतलं प्रोटीन ओळखायची खूण हीच होती: प्रोटिनेज के हे प्रोटीन कापणारं एन्झाइम घातलं की निरोगी घडीचं प्रोटीन पूर्ण पचून जातं आणि बिघडलेल्या घडीचा २७ ते ३० किलोडाल्टनचा गाभा शिल्लक राहतो. अमिनो आम्लांचा क्रम तोच, घडी वेगळी, म्हणून पचन वेगळं. झुरिकच्या ईटीएचमधल्या पाओला पिकोत्ती यांच्या गटानं २०१४ मध्ये हेच एका प्रोटीनऐवजी पेशीतल्या हजारो प्रोटीनांवर एकदम करून दाखवलं. पुढं २०२२ मध्ये त्याच गटाच्या पुढाकारानं पार्किन्सनचे आणि निरोगी, असे दोन्हीकडचे प्रत्येकी साधारण पन्नास जण घेऊन पाठीच्या कण्यातल्या द्रवावर हे केलं गेलं. म्हणजे माणसाच्या नमुन्यावर चालतं का, ही शंका आता उरलेली नाही. तुमच्या नमुन्यावर चालेल का, एवढीच उरते. आणि तिचं उत्तर मशीनपेक्षा ऑपरेशन थिएटरमध्ये जास्त ठरतं.

थिएटरपासूनच सुरू करतो. कॅन्सरचा नमुना मोठ्या शस्त्रक्रियेतला असेल तर तो बाहेर पडण्याआधी बऱ्याच वेळा त्याच्या धमन्या बांधलेल्या असतात. टिश्यू अंगातच असतो, गरम असतो आणि उपाशी असतो. पेशीचं इंधन असलेलं एटीपी संपतं, लॅक्टिक आम्ल साठून पीएच उतरतो. ज्या एन्झाइमांना एटीपी चिकटलेलं असतं त्यांची घडी त्यामुळं सैलावते, आणि लिप-एमएस नेमकं हेच टिपतं, कारण रेणू चिकटणं-सुटणं पकडण्यात ही पद्धत तरबेज आहे. मग तुमच्या यादीत ग्लायकोलिसिसची, म्हणजे साखर मोडण्याची, एन्झाइमं वर येतात आणि कॅन्सरमध्ये चयापचय बदलतो असा निबंध तयार होतो. प्रत्यक्षात सर्जननं कुठली रक्तवाहिनी आधी बांधली ते तुम्ही मोजलेलं असतं. कॉटरीचं, म्हणजे विजेच्या तापानं कापायच्या हत्याराचं, तर विचारूच नका. कॉटरीनं कापलेल्या कडेचं प्रोटीन शिजलेलं असतं. त्यात घडीचा बदल सापडणारच. मार्जिनचा, म्हणजे ट्यूमरभोवतीच्या कडेचा, तुकडा ‘नॉर्मल’ म्हणून घ्यायची आपली सवय, आणि मार्जिन कापतात कॉटरीनं. म्हणजे नॉर्मल शिजलेला आणि ट्यूमर कच्चा, अशी तुलना होऊन बसते.

त्यामुळं माझा सल्ला, शस्त्रक्रियेतले नमुने बाजूला ठेवा आणि साध्या ब्लेडनं घेतलेल्या इन्सिजनल किंवा पंच बायॉप्सीवर हे काम करा. भूल देताना अॅड्रेनालिन असतंच, त्यानं रक्तपुरवठा आटतो. पण ते सगळ्यांना सारखं असलं तर चालतं. इंजेक्शनची वेळ, कापल्याची वेळ, गोठवल्याची वेळ, तिन्ही लिहून ठेवा. गार सलाइनमध्ये रक्त आणि लाळ झटकन धुवा, नाहीतर अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिनच मोजत बसाल. निदानाचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये गेलाच पाहिजे. तुमचा तुकडा त्यानंतर, पण काही मिनिटांच्या आत, थेट द्रव नायट्रोजनमध्ये. आता नायट्रोजन आणायचा कुठून, हा प्रश्न मला प्रत्येक तालुक्याच्या गावातून येतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात, दूध संघाच्या केंद्रात जारच्या जार भरलेले असतात. त्यांच्याशी बोलून ठेवा. मेडिकल कॉलेजच्या खरेदी विभागापेक्षा काम लवकर होईल.

फ्रीजरमध्ये आधीपासून पडलेल्या नमुन्यांबद्दल: किती वेळा वितळून गोठले त्याची नोंद आहे का? आपल्याकडे वीज जाते, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, फ्रीजरचा अलार्म रात्री वाजला तरी ऐकायला कोणी नसतं. नोंद नसेल तर ते नमुने सरावाला वापरा, निष्कर्षाला नको.

आता बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. प्रयोगशाळेत टिश्यू म्हटलं की हात आपोआप रिपा बफरच्या बाटलीकडे जातो. इथं रिपा नको, एसडीएस नको, युरिया नको. हे सगळे घडी मोडतात. पीएच ७.४ चं हेपिस, १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, थोडं मॅग्नेशियम, बास. टिश्यू गोठलेल्या अवस्थेतच द्रव नायट्रोजनखाली खलबत्त्यात कुटा, मग ती पूड बर्फावरच्या बफरमध्ये घेऊन काचेच्या होमोजनायझरमध्ये हळू फिरवा. फेस येता कामा नये, आणि सोनिकेटर लावून नळी गरमही करायची नाही.

आणि प्रोटिएज इनहिबिटर, म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमांना थोपवणारं रसायन, घालायचं नाही. हे ऐकून प्रत्येक बायोकेमिस्ट दचकतो. पण पीएमएसएफसारखं इनहिबिटर तुमच्या प्रोटिनेज केलाच बंद पाडतं. मग टिश्यूची स्वतःची प्रोटिएजेस मोकाट सुटतात हे खरंय, आणि तोंडातल्या सुजलेल्या टिश्यूत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी भरपूर, त्यांचं इलास्टेज त्याहून जबरदस्त. उपाय दोन: सगळं बर्फावर आणि भराभर, आणि प्रत्येक नमुन्याचा एक भाग प्रोटिनेज के न घालता, नुसत्या ट्रिप्सिननं शेवटपर्यंत न्यायचा. या जोड नळीतही अर्धवट कापलेले पेप्टाइड दिसले तर ते टिश्यूच्या आपल्याच एन्झाइमांनी कापलेत, तुमच्या प्रयोगानं नव्हे. पैसे वाचवायला हा भाग गाळणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा डेटा नंतर कोणालाच वाचवता येत नाही.

मुख्य पायरी पाच मिनिटांची आहे. गाळ खाली बसवून वरचं द्रावण घ्या, प्रोटीन मोजा, प्रत्येक नळीत १०० मायक्रोग्रॅम सारखं भरा. नळ्यांची पट्टी २५ अंशांवर स्थिर होऊ द्या. प्रोटिनेज के १ मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभरास एक. मल्टिचॅनल पिपेटनं सगळ्या नळ्यांत एकदम घाला, त्याच पिपेटनं ढवळा आणि घड्याळ लावा. शेजारी पीसीआर मशीनचा ब्लॉक ९९ अंशांवर तयार ठेवलेला असला पाहिजे. पाच मिनिटं झाली की पट्टी उचलून सरळ त्यात. एकेका नळीत एकेक करून एन्झाइम घातलंत तर पहिली आणि आठवी नळी यांत अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो, आणि पाच मिनिटांच्या कामात अर्धं मिनिट म्हणजे दहा टक्के. ट्यूमरच्या नळ्या आधी आणि नॉर्मलच्या नंतर अशी रांग लावली असेल तर तो दहा टक्के फरक आजाराच्या नावावर जमा होतो. नळ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावा, मशीनवर नमुने चढवायचा क्रमही तसाच.

एन्झाइम मेलं की सोडियम डिऑक्सिकोलेट पाच टक्क्यांपर्यंत घालून सगळं उलगडा. पुढचं नेहमीचंच: डायसल्फाइड तोडणं, आयोडोअॅसिटामाइड, रात्रभर ट्रिप्सिन, आम्ल घालून डिऑक्सिकोलेट खाली बसवणं, सी-१८ वर धुणं. डेटा डीआयए पद्धतीनं घ्या. त्यात यंत्र दिसेल त्या प्रत्येक तुकड्याचा स्पेक्ट्रम घेतं, निवडक नाही, त्यामुळं नमुन्यानमुन्यांत रिकाम्या जागा कमी राहतात. विश्लेषण करणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: शोध सेमी-ट्रिप्टिक ठेवायचा. एक टोक ट्रिप्सिनचं आणि दुसरं प्रोटिनेज केचं, असा तुकडा हीच तर तुमची खूण आहे. नेहमीची सेटिंग ठेवली तर सॉफ्टवेअर तो फेकून देतं.

मग यादी येते आणि खरी कसोटी इथं लागते. एखादा पेप्टाइड ट्यूमरमध्ये कमी दिसला, याचा अर्थ घडी बदलली असं नाही. ते प्रोटीनच कमी असेल. ते नुसत्या ट्रिप्सिनच्या जोड नळीवरून वजा करता येतं. त्यावर फॉस्फेट चढलं असेल. मग त्याचं वस्तुमान ८० डाल्टननं सरकलं आणि तुमच्या शोधात तो हरवला. म्युटेशन असेल, कॅन्सरमध्ये ते असणारच. म्हणून एकट्या-दुकट्या पेप्टाइडवर विश्वास ठेवू नका. पूर्ण ट्रिप्टिक तुकडा कमी झालाय आणि त्याच जागेचा अर्धा कापलेला तुकडा त्याच प्रमाणात वाढलाय, अशी जोडी दिसली की मी कान टवकारतो. मग ती जागा पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या संग्रहातल्या किंवा अल्फाफोल्डनं संगणकावर वर्तवलेल्या रचनेवर बसवून बघायची: ती पृष्ठभागावर आहे, एटीपी चिकटायच्या खोबणीत आहे, की दोन प्रोटीनांच्या जोडावर? काहीच अर्थ लागत नसेल तर तसं लिहून मोकळं व्हा. पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रोटीनबद्दल विचाराल म्हणून सांगतो: एवढ्या कमी प्रमाणातलं प्रोटीन अशा सरसकट मोजणीत सहसा हाती लागत नाही. तिथं अँटिबॉडीच बरी.

केराटिनचा घोळ वेगळाच. मशीनवाले केराटिन दिसलं की कातडीची धूळ म्हणून यादीतून उडवतात. तुमच्यासाठी ते अर्धंच बरोबर. १, २, ९, १० हे त्वचेचे, बहुतेक कोणाच्या तरी बोटांचे. पण ४ आणि १३ हे गालाच्या आतल्या अस्तराचे स्वतःचे आहेत. आणि ओएसएमएफमध्ये किंवा कॅन्सरआधीच्या पांढऱ्या चट्ट्यात अस्तरच केराटिनाइज होतं, मग १ आणि १० सुद्धा खरे असू शकतात. यादी तुम्हीच चाळा.

आता ओएसएमएफकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सोनं तिथं आहे, आणि वर सांगितलेल्या पद्धतीतून नेमकं तेच निसटतं. या आजारात बिघडतं ते कोलॅजेन. सुपारीतला अॅरेकोलीन फायब्रोब्लास्टना, म्हणजे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना, चेतवतो. सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेजला जोर देतं आणि ते एन्झाइम कोलॅजेनचे धागे एकमेकांना पक्के बांधून टाकतं. म्हणजे घडीचा, जोडणीचा बदल अगदी उघड आहे. पण असं बांधलेलं कोलॅजेन साध्या बफरमध्ये विरघळत नाही. आपण गाळ म्हणून जे खाली बसवलं आणि फेकायला निघालो, आजार त्यात आहे.

कोलॅजेनची रचना मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मांडली. दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असलेल्या तीन साखळ्या, सुंभाच्या दोरीसारखे तीन पेड एकमेकांभोवती पिळलेले. हा पीळ शाबूत असेपर्यंत ट्रिप्सिन किंवा कायमोट्रिप्सिनला मधे शिरायला जागा मिळत नाही. पीळ सुटला की लगेच कापतात. म्हणजे प्रोटिनेज केचाच खेळ, पण न विरघळणाऱ्या गाळावर. कूर्चेच्या अभ्यासात हे १९९० च्या दशकापासून करतात: धुतलेला टिश्यू ३७ अंशांवर कायमोट्रिप्सिनमध्ये ठेवायचा, जे बाहेर येतं ते आधीच पीळ सुटलेलं कोलॅजेन, उरलेला टिश्यू वेगळा काढायचा, दोन्हींचं ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर विघटन करायचं आणि दोन्हीकडचं हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे कोलॅजेनचं खास अमिनो आम्ल, मोजायचं. हायड्रॉक्सिप्रोलिन मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही. क्लोरामाइन-टी आणि एर्लिखचं रिएजंट घातलं की रंग येतो, ५६० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचा. तुमच्या कॉलेजच्या बायोकेमिस्ट्री विभागात हे उद्या सुरू करता येईल. मी तुमच्या जागी असतो तर लिप-एमएसचा खर्च करण्याआधी हेच केलं असतं.

ते करून काही हाती लागलं तर मग मास स्पेक्ट्रोमेट्री. कायमोट्रिप्सिननं बाहेर आलेले तुकडे वाचले की पीळ साखळीत नेमका कुठं सुटलाय ते कळेल. सॉफ्टवेअरला प्रोलिनवर १६ डाल्टनची वाढ धरायला सांगा, नाहीतर कोलॅजेनचे निम्मे पेप्टाइड ओळखूच येणार नाहीत. आणि क्रॉस-लिंक, म्हणजे पायरिडिनोलिन वगैरे, पेप्टाइडच्या शोधात दिसत नाहीत. ते आम्लात विघटन केलेल्या भागातच एलसी-एमएसवर स्वतंत्र मोजावे लागतात.

तुलनेसाठी नॉर्मल म्हणून अक्कलदाढ काढायला आलेल्यांचा तिथलाच छोटा तुकडा घेतात. मोफत मिळतो म्हणून मोह होतो, पण दाढेमागची जागा आणि गालाची मधली जागा एकसारखी नाही. जमेल तेवढी जागा जुळवा. कॅन्सरमध्ये त्याच रुग्णाचा समोरच्या बाजूचा गाल बरा, तोही रुग्ण आणि एथिक्स कमिटी दोघं हो म्हणाले तर. शिवाय ‘तंबाखू: हो/नाही’ असा एकच रकाना निपाणी भागात कामाचा नाही. गुटखा-मावा खाणाऱ्याच्या तोंडात सुपारी जाते, मिश्री लावणाऱ्या बाईच्या जात नाही, आणि विड्या वळणारी बाई काहीच खात नसली तरी दिवसभर जर्द्याच्या धुळीत बसलेली असते. ओएसएमएफसाठी सुपारी हाच खरा प्रश्न. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत हवं, आणि जास्तीचा तुकडा संशोधनाला जाणार, जिल्ह्याबाहेर जाणार, हे त्यात साध्या शब्दांत असावं. ‘सही करा मावशी’ म्हणून इंग्रजी कागद पुढं सरकवलेला कमिटीनं पाहिला तर नमुने वापरता येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मशीनसाठी पुणे, मुंबई किंवा बंगळूर. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), मुंबईत आयआयटी, बंगळुरात सी-कॅम्प आणि इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स, सगळीकडे प्रोटिओमिक्सचं काम चालतं. आधी फोनवर विचारा की सेमी-ट्रिप्टिक डीआयएचं विश्लेषण ते करून देतात की नुसत्या फाइली हातात देतात. आणि गोठवलेला टिश्यू पाठवू नका. प्रोटिनेज केची पायरी बेळगावातच करा, ट्रिप्सिन करून, धुऊन, सुकवलेले पेप्टाइड पाठवा. टिश्यू वाटेत वितळला तर घडी गेली. पण एकदा खूण झाली, पेप्टाइड कोरडे झाले, की ट्रकवाल्यानं हायवेवर जेवायला दोन तास गाडी लावली तरी फारसं बिघडत नाही. सुका बर्फ घातलात तर उत्तमच. पहिल्या खेपेला दोन ओएसएमएफ, दोन नॉर्मल आणि सगळ्यांच्या एकाच मिश्रणाच्या तीन नळ्या, एवढंच पाठवा. मिश्रणाच्या त्या तीन नळ्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर बाकीचे नमुने फ्रीजरमधून काढायची घाई करू नका.